‘रोजा आहे ना?’ आणि गोळीची डबी

रमजानचा चाँद दिसला की पुढचा महिनाभर मला एक प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा आला की सहकारी हातातला कप थांबवून म्हणतात, "सर, रोजा आहे ना? आम्ही बाहेर जाऊन पितो." जठारपेठ चौकात इफ्तारसाठी कलिंगड घ्यायला थांबलो तर फळवाला विचारतो. शेजारच्या काकू दर वर्षी तितक्याच काळजीने विचारतात, "पाण्याचा घोटसुद्धा नाही? मग औषध-गोळ्या असलेल्या माणसानं करायचं काय हो?"

या विचारण्यात माया असते, आणि मला ते आवडते. आमच्या मोहल्ल्यात मात्र हाच प्रश्न जरा वेगळ्या स्वरात येतो. "रोज़े हो रहे ना, बेटा?" उत्तर ‘हो’ आले की दुआ मिळते. ‘नाही’ आले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "क्यूँ?" रमजानच्या या पानासाठी लिहायला बसलो तेव्हा या ‘क्यूँ’बद्दलच लिहावे असे वाटले. कारण काही वर्षांपूर्वी तो मीही एकाला विचारला होता, आणि त्याच्याकडे मला देता येईल असे उत्तर नव्हते.

तो माझा जुना विद्यार्थी. नाव, धंदा, गल्ली यातले काहीही मी सांगणार नाही. हे लिहिण्याची परवानगी मात्र त्याच्याकडून घेतली आहे. रमजानच्या चार महिने आधी त्याला एचआयव्हीचे निदान झाले होते. शरीराच्या राखणदार पेशी, म्हणजे सीडी-४, निरोगी माणसात साधारण ५०० ते १५०० असतात. त्याच्या ६८ होत्या. दोन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. एक एचआयव्हीची, रोज रात्री. दुसरी कोट्रायमॉक्साझोलची, तीही रोज एक. घरात कोणालाच माहीत नव्हते. दोन खोल्या, नऊ माणसे.

रमजान लागला आणि त्याची अडचण झाली. एरवी तो गोळ्या दुकानात घ्यायचा. आता दिवसा तोंडात काही टाकायचे नाही, आणि रात्री सगळे घर जागे. सहरीला अम्मी समोर, इफ्तारला भाऊ शेजारी, तरावीहनंतर दोस्तांचा घोळका. गोळ्यांची डबी प्लास्टिकची, हलली की खुळखुळते. त्याने आत कापूस कोंबून पाहिला. शेवटी त्याने स्वतःची समजूत घातली की तब्येत तर बरी आहे, एका महिन्याने काय होते? दोन्ही गोळ्या बंद. रोजे मात्र सगळे.

मधल्या आठवड्यात तो मला भेटला. चेहरा उतरलेला होता. मी विचारले, "रोज़े हो रहे ना?" तो म्हणाला, "जी सर, सब." मी शाबासकी दिली. एक दिवस त्याला चक्कर आल्याचे कळले, तेव्हा ‘आज रोजा नाही’ असे तो म्हणाला आणि मी हसत विचारले, "क्यूँ, जवान आदमी?" दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा रोजा धरला.

ईदच्या आसपास त्याचे डोके दुखू लागले. आठ दिवस थांबेना. ताप येऊ लागला. मग उजवा हात जड पडला, चमच्यातला शीरखुर्मा सांडू लागला, बोलताना शब्द चुकू लागले. घरच्यांना वाटले, कशाचा तरी ‘असर’ आहे. तावीज झाला, दम केलेले पाणी झाले. झटका आला तेव्हा कुठे दवाखान्यात नेले. मेंदूचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी सांगितलेले नाव घरात कोणी कधी ऐकले नव्हते: टॉक्सोप्लाझ्मा.

झोपलेला पाहुणा

टॉक्सोप्लाझ्मा हा एक परजीवी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारा सूक्ष्म जीव. १९०८ साली उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिस शहरात, पाश्चर संस्थेतल्या संशोधकांना तो एका लहान कुरतडणाऱ्या प्राण्याच्या शरीरात दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार धनुष्यासारखा वाकलेला, म्हणून धनुष्याच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. जगभरातल्या कोट्यवधी माणसांच्या अंगात तो आहे, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. अर्धवट शिजलेल्या मटणातून, मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या माती-पाण्यातून, नीट न धुतलेल्या भाजीतून तो शरीरात येतो. चार दिवस बारीक ताप आला तर आला. मग तो मेंदूत आणि स्नायूंत बारीक गाठी करून झोपून जातो. राखणदार पेशी जागत्या असतात तोवर तो जन्मभर झोपलेला राहतो.

एचआयव्ही नेमका या राखणदारांवर घाला घालतो. सीडी-४ शंभराच्या खाली गेल्या की झोपलेला जीव उठण्याचा धोका मोठा होतो. माझ्या विद्यार्थ्याला रमजानमध्ये कुठून नवा आजार लागला नव्हता. जुनाच पाहुणा जागा झाला होता, आणि त्याला झोपवून ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या त्याने एकदम थांबवल्या होत्या.

एड्सचा इतिहासच एका परजीवीविरोधी औषधाच्या मागणीतून उघडला, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. १९८१ साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रात सँड्रा फोर्ड नावाच्या एक कर्मचारी दुर्मीळ औषधांच्या वाटपाचे काम पाहत होत्या. पेंटामिडीन हे त्यांपैकी एक. झोपेच्या आजारासारख्या परजीवी रोगांवरचे. तरुण, धडधाकट माणसांसाठी एकाएकी त्याची मागणी वारंवार येऊ लागली. त्यांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातले. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली, आणि जगाला या रोगाची पहिली चाहूल लागली. न्यूमोसिस्टिस नावाचा तो जीव तेव्हा परजीवी समजला जाई; तो बुरशीचा प्रकार असल्याचे नंतर समजले. भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाने केले.

आज भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, चार लाखांच्या आसपास आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू केले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आता आपल्याकडे अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ही केंद्रे आहेत. २०१७ पासून धोरण असे आहे की सीडी-४ कितीही असोत, निदान झाले की उपचार सुरू. औषध नियमित घेणारा माणूस सामान्य आयुष्य जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध आहे.

म्हणजे औषध आहे, फुकट आहे, गावात आहे. मग माणूस कुठे अडतो? माझा विद्यार्थी डबीच्या आवाजापाशी अडला.

दुसऱ्या गोळीचे महत्त्व

एचआयव्हीची गोळी महत्त्वाची हे लोकांना पटते. कोट्रायमॉक्साझोलकडे मात्र दुर्लक्ष होते. ही जुनी, स्वस्त, सल्फाची गोळी. ‘ही तर जुलाबावर देतात’ असे म्हणून लोक ती सोडतात. पण ज्यांच्या सीडी-४ ३५० च्या खाली आहेत त्यांना ती रोज का देतात, ते पाहा. ती टॉक्सोप्लाझ्माला उठू देत नाही, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया रोखते, आणि आयसोस्पोरा नावाच्या परजीवीमुळे होणारे चिवट जुलाबही टाळते. एका गोळीत तीन पहारेकरी. एआरटीने सीडी-४ वाढून ३५० च्या वर टिकून राहिल्या की डॉक्टर ती बंद करतात. बंद कधी करायची हे त्यांनी ठरवायचे, आपण नाही. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले तर मात्र ताबडतोब त्यांना दाखवायचे. काहींना सल्फाची अॅलर्जी असते.

सगळ्याच परजीवींवर असे औषध नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा पाण्यातून येणारा जीव त्यातलाच. निरोगी माणसाला तो आठ-दहा दिवस जुलाब देऊन निघून जातो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला महिनोन्महिने सोडत नाही. अंग झडून जाते. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. एआरटीने सीडी-४ वाढल्या की शरीर स्वतःच त्याला हुसकावते. बिहारसारख्या राज्यात आढळणारा काळा आजारही एचआयव्ही असलेल्याला उपचारानंतर पुन्हा पुन्हा गाठतो. थोडक्यात, परजीवी कोणताही असो, त्याला वाढू न देण्याचे मुळातले औषध एकच: एआरटी न चुकवणे.

पाणी, बर्फ आणि कबाब

आता रमजानच्या दस्तरखानाकडे वळू, कारण काळजीचा मोठा भाग तिथेच आहे.

पहिले पाणी. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते, आणि नळाची वाट पाहणे हा आपला नेहमीचा उद्योग. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून घरोघर ड्रम, टाक्या, हंडे भरून पाणी दिवसेंदिवस साठवले जाते. या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकावेतच. त्याने बहुतेक जंतू मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियमचे कवच इतके टणक की क्लोरीन त्याला पुरत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या नळाच्या पाण्यानेच सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पन्नासहून अधिक दगावले, आणि त्यांतले बहुतेक एड्सचे रुग्ण होते. तिथले इतर लोक काही दिवसांत बरे होऊन कामाला लागले.

उपाय आपल्या चुलीवर आहे. पाण्याला चांगली खळखळून उकळी येऊ द्यायची, ती किमान एक मिनिट टिकू द्यायची, आणि झाकून गार करायचे. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी दिसायला स्वच्छ होते, पण जीव मरत नाहीत. उकळलेले पाणी वेगळ्या माठात ठेवावे, आणि त्यात हात न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने काढावे.

दुसरा बर्फ. मगरिबच्या अर्धा तास आधी आपल्या बाजारात गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या फुटतात आणि गुलाबी शरबताच्या पातेल्यात पडतात. बर्फ झाला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे; ज्या पाण्याचा बर्फ, त्याच पाण्याचे गुणदोष त्यात राहतात. शिवाय माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला बर्फ खाण्यासाठी नसतोच. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे केले ते यासाठीच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याने बाहेरचा बर्फ टाळावा. उकळलेल्या पाण्याचा घरचा बर्फ किंवा माठाचे गार पाणी, त्यात सब्जा, लिंबू: इफ्तार तेवढाच गोड होतो.

तिसरे मटण. इफ्तारच्या घाईत कबाब वरून खरपूस आणि आतून गुलाबी राहतो. काहींना कलेजी कच्चट आवडते. ज्याच्या सीडी-४ कमी आहेत त्याने असे खाऊ नये. आतपर्यंत रंग बदललेला, रस्सा स्वच्छ सुटलेला असावा. मटण चिरलेल्या सुरीने आणि त्याच पाटावर लगेच फ्रूट चाटची फळे कापू नयेत. पुदिना-कोथिंबिरीच्या चटणीला आच लागत नाही, म्हणून पाने दोन-तीन पाण्यांत धुवावीत, शेवटचे पाणी उकळलेले असावे. रस्त्यावरची कापून ठेवलेली फळे घेण्यापेक्षा अख्खे फळ आणून घरी सोलावे.

चौथे मांजर. आमच्या घरांत मांजराचे लाड फार. हजरत अबू हुरैरा यांचे तर नावच मांजराच्या पिल्लावरून पडलेले. टॉक्सोप्लाझ्माचे ऐकून कोणी मांजर गोणीत घालून मोर्णेपलीकडे सोडून येऊ नये. मांजराला कुरवाळल्याने हा आजार सहसा होत नाही. धोका असतो तो विष्ठेत, आणि तिच्यातल्या परजीवीला लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी, ती घरातल्या दुसऱ्या माणसाने काढावी, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि मांजराला कच्चे मटण, कच्ची कलेजी घालू नये. कुंडीत किंवा वाफ्यात काम केल्यावरही हात धुवावेत. एवढे केले की मांजरही घरात राहते आणि माणूसही सुरक्षित.

यातली एकही गोष्ट फक्त एचआयव्ही असलेल्यासाठी नाही. घरात कर्करोगाचे औषध घेणारे कोणी असेल, मूत्रपिंड बदललेले असेल, गरोदर बाई असेल, तर हेच नियम. म्हणूनच सगळ्या घराने पाळले तर ‘हे कोणासाठी चालले आहे?’ असा प्रश्नच उरत नाही.

रोजा धरायचा की नाही?

हा निर्णय चाँदरातीला नव्हे, त्याच्या महिनाभर आधी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. ज्याच्या सीडी-४ चांगल्या आहेत, विषाणू आटोक्यात आहे, दुसरा आजार नाही, असे अनेक लोक डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे धरतात. निदान नुकतेच झालेले, सीडी-४ फार कमी, जुलाब सुरू, ताप, क्षयाचे किंवा मेंदूच्या आजाराचे उपचार चालू, यांपैकी काहीही असेल तर रोजा थांबवणे हेच शहाणपण.

सध्या बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा असते. ती इफ्तारनंतर किंवा झोपताना, रोज एकाच वेळी घेता येते. म्हणजे रोजा आणि गोळी यांत खरे तर भांडण नाही. एक खबरदारी मात्र फार कमी लोकांना माहीत असते. या गोळीत डोल्युटेग्राविर असते. इफ्तारची भजी बाधली म्हणून घेतलेले अॅसिडिटीचे पातळ औषध किंवा चघळायची गोळी त्याच वेळी पोटात गेली, तर डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही. एचआयव्हीची गोळी आधी घ्यावी आणि अॅसिडिटीचे औषध निदान दोन तासांनी; अॅसिडिटीचे औषध आधी घेतले असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्यावेत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोट्रायमॉक्साझोल घेणाऱ्याने पाणी भरपूर प्यायला हवे, नाहीतर मूत्रपिंडाला त्रास होतो. इफ्तार ते सहरी या वेळात थोडे थोडे करून आठ-दहा पेले पाणी पोटात जावे. सहरीला एकदम तांब्याभर पिण्याने काम भागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर वऱ्हाडातले ऊन काय करते हे आपल्याला सांगायला नको.

धर्माच्या अंगाने पाहिले तर सवलत अगदी स्पष्ट आहे. सूरह बकरामध्ये, जिथे रोज्यांचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते रोजे नंतर इतर दिवशी पूर्ण करण्याची मुभा आहे. ज्याला पुढेही जमणार नाही त्याने एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, याला फिदिया म्हणतात. मराठी वाचकांसाठी सांगतो, ही पळवाट नाही. हुकुमाचाच भाग आहे. रोजा असताना तपासणीसाठी रक्त दिल्याने तो तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. म्हणून सीडी-४ किंवा विषाणूची तपासणी ‘ईदनंतर बघू’ म्हणून ढकलायचे कारण नाही. आणि जुलाब लागले, डोके फुटायला आले, तर त्याच क्षणी पाणी पिऊन रोजा सोडावा. त्याची कजा पुढे करता येते.

कोणती लक्षणे थांबू देत नाहीत तेही ध्यानात ठेवा. अनेक दिवस न थांबणारी डोकेदुखी, सोबत ताप, हात किंवा पाय एका बाजूने जड होणे, बोलताना गोंधळ, झटका. तीन-चार दिवसांहून जास्त चाललेले पाण्यासारखे जुलाब. कोरडा खोकला आणि चालताना लागणारी धाप. दुआ जरूर करावी, ती मीही करतो. पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवावी. मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा वेळेत ओळखला तर औषधांनी बरेच रुग्ण दोन आठवड्यांत सुधारताना दिसतात. माझ्या विद्यार्थ्याचे जे आठ-दहा दिवस तावीजात गेले, ते त्याच्या उजव्या हाताने भरून दिले.

गुपित कोणाचे?

आता पुन्हा त्या ‘क्यूँ’कडे. कायदा या बाबतीत रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कोणाचीही एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांत त्यावरून भेदभाव करता येत नाही. १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते. पण कायदा सहरीच्या दस्तरखानापर्यंत येऊन बसत नाही. तिथे आपण बसलेले असतो.

एखादा माणूस रोजा धरत नाही, याची शंभर कारणे असू शकतात. मधुमेह, मूत्रपिंड, गर्भ, पाळी, मनाचा आजार, किंवा रोज रात्री घ्यावी लागणारी एक गोळी. यांतले कोणतेही कारण आपल्याला सांगायला तो बांधील नाही. सवलत ज्याने दिली त्याने कारण विचारणारा मुनीम गल्लीत नेमलेला नाही. आणि हे फक्त आमच्याकडचेच नव्हे. श्रावणी सोमवारी, नवरात्रात, चतुर्थीला ‘तुमचा उपास नाही?’ असे विचारले जाते तेव्हा समोरच्या बाईच्या पर्समध्ये कोणती पट्टी आहे हे विचारणाऱ्याला कुठे माहीत असते?

या शहरात, ज्या रांगेत मी नमाजला उभा राहतो तिथे, ज्या वर्गात मी शिकवतो तिथे, असे कोणी ना कोणी असणारच, हे आता मी गृहीत धरतो. पूर्वी मला ‘आपल्यात असे काही नसते’ असे वाटायचे. तेच वाटणे त्या मुलाला दुकानाच्या मागे उभा राहून गोळी गिळायला लावत होते. उर्दूत एक शब्द आहे, पर्दापोशी. दुसऱ्याची झाकलेली गोष्ट झाकलेलीच राहू देणे. आमच्याकडे ती मोठी नेकी मानली जाते. रमजानमध्ये जकात, सदका, इफ्तारी यांचा हिशोब आपण काटेकोर ठेवतो. पर्दापोशीला तर पैसेही लागत नाहीत. एक प्रश्न गिळायचा असतो, एवढेच.

तो मुलगा वाचला. महिनाभराने घरी आला. रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी त्याच्या संमतीने आधी एकट्या अम्मीला बसवून सगळे समजावले. अम्मी तास-दीड तास रडल्या, आणि मग त्यांनी एकच विचारले, "दवा कितने बजे लेनी है?" पुढचे दोन रमजान त्याने रोजे धरले नाहीत, सीडी-४ वाढेपर्यंत डॉक्टरांनी मनाई केली होती. अम्मीने साठ दिवस दारातल्या एका गरिबाला जेवू घातले, आणि कोणी विचारले की सांगायच्या, "डॉक्टर का मना है." पुढे कोणी विचारले तर त्या फक्त तसबीह फिरवत राहायच्या.

आता त्याच्या सीडी-४ पाचशेच्या वर आहेत. कोट्रायमॉक्साझोल बंद झाली आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांना विचारून त्याने रोजे धरले, आणि एके दिवशी मला इफ्तारला बोलावले. उजव्या हाताची मूठ अजून पूर्ण वळत नाही. खजूर त्याने डाव्या हाताने उचलला आणि माफी मागितल्यासारखा हसला. खजुरांच्या ताटलीशेजारी गोळीची डबी उघड ठेवलेली होती. घरातल्या लहान भाचीने ती उचलून खुळखुळवली, आणि म्हणाली, "मामू, तुम्हारा टाइम हो गया."

शेजारच्या काकूंनी या वर्षीही तोच प्रश्न विचारला, औषध-गोळ्या असलेल्या माणसाने करायचे काय? मी म्हणालो, "काकू, आधी गोळी. रोजा नंतर बघायचा." त्या म्हणाल्या, "हे बरं आहे. आमच्या एकादशीलाही हेच सांगा जरा आमच्या घरी."